कोपेनिकचा कप्तान अथवा गणवेषाचा प्रताप

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकली आहे. परंतु ती ऐकल्यामुळें कोणाचें फसणें थांबलें, असें कांहीं दिसत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीच्या दिवशीं मला याचा मोठा गमतीचा अनुभव आला. दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याकडे फौजदाराची भूमिका होती. खाकी पोषाख, कमरेस पट्टा, हातांत छडी अशा थाटांत तो पाणी पिण्यासाठीं पटांगण ओलांडून निघाला. झाडाखालीं पांचवीचा वर्ग बसला होता. त्याला पाहतांच सगळा वर्ग ताडकन् उभा राहिला आणि एका सुरांत ‘नमस्ते, सर’ असा गजर झाला. इतकेंच नव्हे, तर त्याच मुलाला उशिरा आल्याबद्दल सकाळीं फाटकाशीं खडसावणारे आमचे वृद्ध शिपाईमामाही क्षणभर सांवरून उभे राहिले! मुलगा तोच, चेहरा तोच. बदलला होता तो केवळ पोषाख. सर्वजण पोट धरून हंसले, मीही हंसलों. पण घरीं जातांना मनांत विचार आला कीं, आपण हा मान दिला तो कोणाला? त्या मुलाला, कीं त्या खाकी कापडाला?

हाच प्रश्न एका जुन्या जर्मन बोलपटानें फार मार्मिक रीतीनें विचारला आहे. १९५६ सालीं पश्चिम जर्मनींत हेल्मूट कॉइटनर या दिग्दर्शकानें ‘डेर हाउप्टमान फोन कोपेनिक’, म्हणजे ‘कोपेनिकचा कप्तान’, या नांवाचा रंगीत बोलपट तयार केला. त्यांत हाइन्ट्स र्‍यूमान या लोकप्रिय विनोदी नटानें मुख्य भूमिका केली. अमेरिकेंतील ऑस्कर पारितोषिकासाठीं परभाषीय चित्रपटांच्या गटांत ज्या थोड्या चित्रपटांचीं नांवें त्या वर्षीं पुढें आलीं, त्यांत हा एक होता. अखेरचा मान फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘ला स्त्रादा’ या चित्रपटाला मिळाला. हा बोलपट हंसवितो खरा. पण हंसतां हंसतां आपणांस आरशासमोर उभें करतो. म्हणून विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना त्याचा परिचय करून द्यावा, असें मनांत आलें.

ओळखीच्या घोटाळ्याचे तीन प्रकार

एका माणसाला दुसराच समजून होणारा गोंधळ हा हास्यरसाचा फार जुना झरा आहे. त्याचे ढोबळ मानानें तीन प्रकार करतां येतील. पहिला प्रकार सारख्या दिसणाऱ्या माणसांचा. प्राचीन रोमचा नाटककार प्लॉटस यानें जुळ्या भावांच्या गोंधळावर एक प्रहसन लिहिलें. शेक्सपियरनें त्यावरून ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ रचतांना मालकांच्या जुळ्या जोडीला नोकरांचीही जुळी जोडी दिली आणि घोटाळा चौपट केला. येथें दोष कोणाचाच नसतो. सारी करामत निसर्गाची.

दुसरा प्रकार चुकीच्या समजुतीचा. रशियन लेखक गोगोल याच्या १८३६ सालच्या ‘रेव्हिझोर’ या नाटकांत एका लहान गांवचे लांचखाऊ अधिकारी वरून येणाऱ्या तपासनिसाच्या भीतीनें गारठलेले असतात आणि खाणावळींत उधारीवर राहिलेल्या एका रिकामटेकड्या तरुणालाच तो तपासनीस समजून बसतात. पु. ल. देशपांडे यांनीं या नाटकाचें ‘अंमलदार’ या नांवानें मराठी रूपांतर केलें, हें पालकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. आपल्या रंगभूमीवरील गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘संशयकल्लोळ’ हेंही या घराण्याशीं नातें सांगतें; त्याचें मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या प्रहसनांत असून एका तसबिरीवरून त्यांत सारा अनर्थ ओढवतो. या प्रकारांत फसणाऱ्यांच्या मनांत भय किंवा संशय आधींच तयार असतो. बाहेरचें निमित्त तेवढें हवें असतें.

तिसरा प्रकार या दोहोंहून निराळा आहे. त्यांत चेहऱ्याचा घोटाळा नसतो, कोणाची वाटही कोणी पाहत नसतो. लोक अमुक एका माणसाला तमुक समजत नाहींत. ते माणसाकडे मुळीं पाहतच नाहींत. पाहतात तीं गुंड्या, खांद्यावरील फीत आणि टोपी. ‘कोपेनिकचा कप्तान’ हें या तिसऱ्या प्रकाराचें नामी उदाहरण होय. आणि विशेष असें कीं, ही कल्पना कोण्या लेखकाच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. ती प्रत्यक्ष घडलेली घटना आहे.

घडलें तें असें

घटना समजण्यासाठीं त्या काळच्या जर्मनीची थोडी माहिती हवी. १८७०-७१ च्या युद्धांत फ्रान्सचा पराभव होऊन प्रशियाच्या नेतृत्वाखालीं जर्मन साम्राज्य स्थापन झालें. तें सैन्याच्या बळावर उभें राहिलें, म्हणून सैन्याचा मान सर्वांत मोठा. वकील, प्राध्यापक, नगरपालिकेचे अधिकारी अशा मुलकी पेशाच्या लोकांनाही राखीव सैन्यांतील अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला म्हणजे जन्माचें सार्थक झाल्यासारखें वाटे. लष्करी अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम, आणि हुकूम म्हणजे तत्काळ पालन, हें बाळकडू घरोघर पाजलें जाई.

अशा या देशांत विल्हेल्म फोग्ट नांवाचा एक गृहस्थ होता. तो १८४९ सालीं पूर्व प्रशियांतील टिल्झिट गांवीं एका जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरीं जन्मला आणि त्यानेंही तोच धंदा शिकून घेतला. कोवळ्या वयांतच चोरीबद्दल त्याला पहिली शिक्षा झाली. पुढें चोऱ्या आणि खोटे दस्तऐवज यांपायीं त्याच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगांत गेला. शेवटची शिक्षा पंधरा वर्षांची होती. १९०६ च्या फेब्रुवारींत तो सुटला तेव्हां सत्तावन्न वर्षांचा झाला होता. विस्मार या गांवीं एका जोडेवाल्याकडे त्याला काम मिळालें. परंतु जुना गुन्हेगार म्हणून पोलिसांनीं त्याला तेथून घालवून दिलें. बर्लिनजवळ तो बहिणीकडे येऊन राहिला, कारखान्यांत कामास लागला. तोंच ऑगस्टमध्यें तेथूनही हद्दपारीचा हुकूम हातीं पडला.

त्यानंतर फोग्टनें जुन्या कपड्यांच्या दुकानांतून कप्तानाच्या गणवेषाचे एकेक भाग विकत घेतले. १६ ऑक्टोबर १९०६ रोजीं तो गणवेष अंगावर चढवून तो बर्लिनच्या प्लोट्सेनझे भागांत रस्त्यावर उभा राहिला. समोरून शिपायांची एक लहान तुकडी येत होती. त्यानें तिला थांबविलें, आपल्यामागें येण्यास फर्माविलें. वाटेंत आणखी कांहीं शिपाई जोडून घेतले. असे दहा-अकरा शिपाई बरोबर घेऊन तो आगगाडीनें कोपेनिकला गेला. कोपेनिक हें तेव्हां बर्लिनच्या शेजारचें स्वतंत्र गांव होतें. १९२० सालीं तें बर्लिनमध्यें सामील झालें.

तेथें नगरभवनाच्या दारांवर त्यानें पहारे बसविले. नगराध्यक्ष गेओर्ग लांगरहान्स व खजिनदार यांना कैद केलें. तिजोरीचा हिशेब करावयास लावला आणि साडेतीन हजारांहून अधिक मार्क ‘जप्त’ करून त्यांची रीतसर पावतीही दिली! मग दोघां कैद्यांना भाड्याच्या गाड्यांत बसवून शिपायांच्या पहाऱ्यांत बर्लिनच्या मुख्य चौकीवर रवाना केलें, उरलेल्या शिपायांना आणखी अर्धा तास पहारा करण्यास सांगितलें, आणि स्वतः स्टेशनावर जाऊन तो नाहींसा झाला. एवढ्या वेळांत एकाही माणसानें ‘आपण कोण? कोणाच्या हुकुमानें आलांत?’ हा प्रश्न नेटानें धरून ठेवला नाहीं.

दहा दिवसांनीं, २६ ऑक्टोबरला, तुरुंगांतील एका जुन्या सोबत्यानें दिलेल्या माहितीवरून फोग्ट पकडला गेला. १ डिसेंबरला त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पण तोंवर सारें युरोप हंसत होतें. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं खुद्द कैसर दुसरा विल्हेल्म यानें त्याला माफी दिली. पुढें फोग्ट स्वतःच्या प्रसिद्धीवर पोट भरूं लागला. त्यानें आत्मकथन प्रसिद्ध केलें, आणि अखेर लक्झेंबर्ग येथें स्थायिक होऊन ३ जानेवारी १९२२ रोजीं तो वारला. आज कोपेनिकच्या नगरभवनासमोर याच कप्तानाचा पुतळा उभा आहे. ज्या इमारतींत त्यानें चोरी केली, तिच्याच दारांत त्याचा पुतळा, हाही काळाचा एक विनोदच म्हणावयाचा.

नाटक आणि बोलपट

या घटनेवरून कार्ल त्सुकमायर या लेखकानें नाटक लिहिलें. ५ मार्च १९३१ रोजीं बर्लिनमध्यें त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि त्याच वर्षीं रिखार्ड ओस्वाल्ड यानें त्याचा पहिला बोलपटही काढला. काळ कसा होता हें लक्षांत घ्या. गणवेष घातलेलीं हिटलरचीं पथकें तेव्हां जर्मनीच्या रस्त्यांवर फिरूं लागलीं होतीं, आणि त्सुकमायर गणवेषाच्या पूजेची थट्टा करीत होता. दोनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि त्सुकमायरच्या नाटकांवर बंदी आली. पुढें त्याला आणि ओस्वाल्डलाही देश सोडून अमेरिकेंत आश्रय घ्यावा लागला. १९५६ च्या बोलपटाची पटकथा त्सुकमायरनें कॉइटनरच्या सहकार्यानें लिहिली.

नाटकाची रचना मोठी चतुर आहे. त्यांत दोन प्रवासी आहेत: एक फोग्ट, आणि दुसरा तो गणवेष. पॉट्सडॅमच्या एका नामांकित शिंप्यानें हा गणवेष एका खऱ्या कप्तानासाठीं शिवला. हा कप्तान एके दिवशीं साध्या कपड्यांत असतां एका दारू प्यालेल्या शिपायाला आवरूं पाहतो. पण अंगावर गणवेष नसल्यामुळें शिपाई त्याला जुमानीत नाहीं. हातघाईवर प्रकरण येतें आणि कप्तानाला नोकरी सोडावी लागते. मग तोच गणवेष दुरुस्त होऊन ओबरम्युलर नांवाच्या गृहस्थाकडे जातो. हा नगरपालिकेंतील अधिकारी. राखीव सैन्यांत हुद्दा मिळाल्याच्या आनंदांत तो गणवेष घालतो, आणि पुढें कोपेनिकचा नगराध्यक्ष होतो. त्यानंतर एका नृत्यसमारंभांत त्या गणवेषावर डाग पडतात आणि अखेर तो जुन्या कपड्यांच्या दुकानांत येऊन लटकतो. तेथें फोग्ट त्याला विकत घेतो. म्हणजे ज्या नगराध्यक्षाला पुढें कैद होते, ती त्याच्याच जुन्या अंगरख्याकडून!

दुसरा प्रवास फोग्टचा, आणि तो इतका गमतीचा नाहीं. तुरुंगांतून सुटलेला हा मनुष्य सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितो. कारखान्यांत विचारतात, ‘राहण्याचा परवाना आहे का?’ कचेरींत विचारतात, ‘काम आहे का? असेल तरच परवाना मिळेल.’ काम नाहीं म्हणून परवाना नाहीं, आणि परवाना नाहीं म्हणून काम नाहीं. बरें, हा देश सोडून जावें, तर त्यासाठींही पारपत्र हवें, आणि तें देण्यास कोणी तयार नाहीं. घाण्याच्या बैलाप्रमाणें तो त्याच वर्तुळांत फिरत राहतो. प्रत्येक कारकून नियमानें बरोबर असतो. तरीही सगळे नियम मिळून एका माणसाचा जीव कोंडतात. शेवटीं कागदांच्या शोधांत तो पोलीस कचेरी फोडतो आणि पुन्हां दहा वर्षें तुरुंगांत जातो. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला युद्धकथांचें वेड असतें. सेडानच्या लढाईच्या स्मृतिदिनीं तो कैद्यांकडून ती लढाई वठवून घेतो. लष्करी शिस्त आणि हुकुमांची भाषा फोग्ट तेथेंच शिकतो. सरकारनें त्याला सन्मार्गाला लावण्यासाठीं कोंडलें आणि कप्तान होण्याचें शिक्षण फुकट दिलें!

या कथेंत फोग्टचा मेहुणा हें एक फार सुंदर पात्र आहे. तो सरळ, पापभीरु, सरकारवर पूर्ण विश्वास असलेला. त्याची स्वतःची बढती अन्यायानें हुकते, तरी ‘वरचे करतात तें योग्यच असेल’ अशी मनाची समजूत घालून तो गप्प बसतो. त्याच घरांत एक आजारी मुलगी मरणपंथाला लागलेली असते आणि फोग्ट तिच्या उशाशीं बसून तिला ग्रिम बंधूंची परीकथा वाचून दाखवितो. तिची अंत्ययात्रा आणि फोग्टच्या हातीं पडलेला हद्दपारीचा हुकूम हे दोन प्रसंग एकापाठोपाठ येतात. येथें प्रेक्षकांचें हंसणें थांबतें. नियम पाळणारा मेहुणा आणि नियमांनीं चिरडलेला फोग्ट यांचा वाद होतो, तेव्हां दोघांचेंही बोलणें आपणांस पटतें. लेखकाचें सामर्थ्य याच ठिकाणीं दिसून येतें.

मग येतो नगरभवनाचा प्रसंग. नगराध्यक्ष अटकेचा लेखी हुकूम मागतो. नवा कप्तान शिपायांच्या संगिनींकडे बोट दाखवितो आणि विचारतो, ‘आपण सैन्यांत होतां ना?’ नगराध्यक्ष मुकाट्यानें मान खालीं घालतो. ज्या फोग्टला एका कागदावांचून आयुष्यभर कोणी दारांत उभें केलें नाहीं, त्याच्याजवळ आजही कागद नाहींच. परंतु आज तो मागण्याचा आग्रह कोणी धरीत नाहीं! सगळ्या कथेचें मर्म या एका क्षणांत आहे. आणि लगेच दैव त्याच्यावर उलटतें: ज्या पारपत्रासाठीं त्यानें हें सोंग आणलें, तें देणारी कचेरी कोपेनिकच्या नगरभवनांत नसतेच.

नाटकाच्या अगदीं शेवटीं फोग्ट पोलिसांपुढें तो गणवेष पुन्हां अंगावर घालतो आणि आरसा मागतो. साऱ्या गांवानें त्याला कप्तान म्हणून पाहिलें होतें. फक्त त्यानें स्वतःला पाहिलेलें नव्हतें. आरशांतील ती मूर्ति पाहून तो पोट धरधरून हंसतो. असल्या ध्यानाला कोणी कप्तान समजेल, यावर त्याचाच विश्वास बसत नाहीं.

र्‍यूमान हा अंगानें लहानखुरा नट. हलक्याफुलक्या भूमिकांसाठीं तो प्रसिद्ध होता. गणवेष चढविल्यावरही तो रुबाबदार पुरुष दिसत नाहीं, आणि हेंच या निवडीचें शहाणपण आहे. एखाद्या धिप्पाड, देखण्या नटानें ही भूमिका केली असती, तर लोक फसले यांत नवल वाटलें नसतें. प्रेक्षकांना म्हातारा, दमलेला फोग्ट सतत दिसत राहतो आणि पडद्यावरील लोकांना तो मुळींच दिसत नाहीं. ओळखीच्या घोटाळ्यावरील प्रहसनाचें सारें तंत्र यांत सामावलें आहे: खरें काय तें प्रेक्षकांस ठाऊक असावें, पात्रांस नसावें. जितकें हें अंतर मोठें, तितकें हंसूं मोठें.

या बोलपटाची वेळही ध्यानांत घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांतील पराभवानंतर जर्मनीचें सैन्य मोडण्यांत आलें होतें. १९५५ सालीं पश्चिम जर्मनीनें पुन्हां सैन्य उभारलें आणि १९५६ च्या जुलैमध्यें सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्यें, हा बोलपट पडद्यावर आला. घरोघर गणवेष पुन्हां येत होता, आणि त्याच वेळीं लोक चित्रपटगृहांत बसून गणवेषाच्या प्रतापावर हंसत होते. तें हंसणें स्वतःच्याच वडिलांवर व आजांवर होतें, कांहीं अंशीं स्वतःवरही होतें. हुकूम कोणाचा, हें न विचारतां पाळल्याचें फळ काय होतें, हें त्या पिढीनें भोगलेलें होतें.

कथा आणि इतिहास

येथें एक सावधगिरीची सूचना देणें शिक्षक या नात्यानें माझें कर्तव्य आहे. नाटकांतील फोग्ट केवळ पारपत्रासाठीं सोंग घेतो. खऱ्या फोग्टनेंही असेंच सांगितलें होतें. परंतु सर्वांचा त्यावर विश्वास बसला नाहीं. तिजोरींतील मोठ्या रकमेवर त्याचा डोळा होता, असें अनेक अभ्यासक मानतात. आणि जी रक्कम हातीं लागली ती त्यानें नेली, हें तर निर्विवाद आहे. नाटकांतील फोग्ट आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. खरा फोग्ट पकडला गेला. नाटकांत तो पोलीस कचेरी फोडतो ती कागदांसाठीं. खऱ्या फोग्टला पंधरा वर्षांची शिक्षा झाली ती न्यायालयाची पेटी लुटूं पाहिल्याबद्दल. त्सुकमायरनें आपल्या नाटकाला ‘एक जर्मन परीकथा’ असें उपनांव दिलें, तें प्रामाणिकपणानेंच दिलें. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, चोरी ही चोरीच. गोष्ट गोड आहे म्हणून गुन्हेगार साधु होत नाहीं. पण त्याचबरोबर हेंही खरें कीं, विस्मार येथून व बर्लिनहून काम करणाऱ्या फोग्टला हुसकून लावणारे हुकूम खरेच होते. गुन्हा त्याचा होता. परंतु परत येण्याची वाट बुजविणारे हात दुसऱ्यांचे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मनांत ठेवणें कठीण असतें. तरी न्यायबुद्धि म्हणतात ती हीच.

माझ्या टेबलावरील कागद

हा बोलपट मीं गेल्या सुटींत पाहिला आणि हंसतां हंसतां मला एक जुना दिवस आठवला. तो येथें लिहावा कीं लिहूं नये, याचा बराच विचार केला. मी नुकताच पदवी घेऊन दुसऱ्या एका गांवीं शिक्षक झालों होतों आणि जूनमध्यें प्रवेशाचें काम माझ्याकडे होतें. वीटभट्टीवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा चुणचुणीत होता. मीं सहज विचारलेलें गणित त्यानें तोंडीं सोडविलें. परंतु शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. मी म्हणालों, ‘आधीं दाखला आणा.’ दोन दिवसांची मजुरी बुडवून ते जुन्या गांवीं जाऊन आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, तिथं म्हणतात, नव्या शाळेची चिठ्ठी आणा, मग दाखला देऊं.’ मी म्हणालों, ‘दाखल्याशिवाय मी चिठ्ठी कशी देणार?’ ते कांहीं वेळ दारांतच उभे राहिले. मीं त्यांना बसा म्हटलें नाहीं. मग ते मुलाचा हात धरून निघून गेले, ते पुन्हां आले नाहींत.

त्याच दिवशीं दुपारीं सुटाबुटांतील एक गृहस्थ मोटारींतून आले. त्यांच्याजवळही दाखला नव्हता. घाईंत घरीं राहिला, असें ते म्हणाले. मीं उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणालों, ‘दाखला सवडीनें पाठवून द्या.’ त्या वेळीं यांत मला कांहींच वावगें दिसलें नाहीं. मी नियमच पाळीत होतों! आज वाटतें, कोपेनिकच्या नगराध्यक्षाला हंसण्याचा मला काय अधिकार? त्यानें निदान संगिनी तरी पाहिल्या होत्या. मीं नुसती इस्त्री पाहिली.

आतां काळ पालटला आहे. २००९ सालच्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें, जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला या सबबीवर आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडविण्यास मनाई केली आहे. ज्या पालकांना हें ठाऊक नसेल त्यांनीं तें अवश्य लक्षांत ठेवावें आणि आपल्या शेजारीपाजारीं सांगावें. पण कायदा दार उघडूं शकतो; दारांत उभ्या असलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणणें हें कायद्याचें काम नव्हे. तें तुमचें आमचें काम आहे.

घेण्यासारखें काय?

कोणी म्हणेल, मग गणवेष नकोच काय? शिस्तही नको? असें मीं म्हटलेलें नाहीं. शाळेचा गणवेष गरीब आणि श्रीमंत यांतील भेद झांकतो, म्हणून तो हितकर. रहदारीच्या चौकांत पोलिसाचा पोषाख दुरून ओळखूं आला नाहीं, तर अनर्थ होईल. परिचारिकेचा, अग्निशामक दलाच्या जवानाचा पोषाख पाहून संकटांतील माणसाला धीर येतो. पोषाख ही एक खूण आहे: ‘या माणसाकडे अमुक काम सोंपविलें आहे’ एवढेंच ती सांगते. माणूस चांगला कीं वाईट, हुकूम योग्य कीं अयोग्य, हें ती सांगत नाहीं, आणि तें तिला विचारूंही नये. तें विचारण्यासाठीं आपणांस डोळे, कान आणि बुद्धि दिलेली आहे.

मोठ्यांना प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. नम्रपणें विचारलेला प्रश्न उद्धट कसा होईल? ‘आपण कोण? हें कोणाच्या हुकुमानें?’ एवढें कोणी कोपेनिकमध्यें शांतपणें विचारून उत्तराची वाट पाहिली असती, तर नगराध्यक्षाची फजिती टळली असती. आजही दूरध्वनीवर कोणी स्वतःला पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणवितो, कधीं पडद्यावर गणवेषांत दिसतोही, आणि भल्या भल्या सुशिक्षित माणसांकडून पैसे उकळतो. फोग्टला निदान जुना अंगरखा विकत घ्यावा लागला होता. या नव्या कप्तानांना तेवढाही खर्च नाहीं. तेव्हां घरांत असा प्रसंग आल्यास घाबरून हुकूम पाळूं नका. थांबा, विचारा आणि घरांतील दुसऱ्या माणसाला सांगा.

आणि मुलांनो, याच धड्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. रुबाबदार पोषाखापुढें फसूं नये, एवढें शिकणें सोपें आहे. त्यांत आपलाच फायदा असतो. विटक्या पोषाखापुढें फसूं नये, हें शिकणें कठीण. वर्गांत जुनी वही आणि ठिगळाचें दप्तर घेऊन कोणी नवा मुलगा येईल, तेव्हां त्याला बसावयास आपल्या बांकावर जागा करून द्या; मग त्याचें नांव विचारा, आणि तो काय सांगतो तें नीट ऐका. तो मुलगा गणितांत तुमच्याहून हुशार असेल, नसेलही. पण त्याला दारांत उभें ठेवल्याची आठवण तुम्हांस माझ्याप्रमाणें वीस वर्षांनीं टोंचूं नये, एवढीच इच्छा.